झाड ७४,५०० रुपयांचं की दीड हजाराचं? बागेची किंमत काढायची कशी?

आकडेमोड्या

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीमागे एकरभर बाग आहे. विकास आराखड्यात आरक्षण बागेचंच. आता त्यातल्या अर्ध्या जागेवर बहुमजली पार्किंग आणायचं घाटतंय, त्यासाठी आरक्षण बदलायची नोटीस निघाली आहे आणि हरकती-सूचना मागवल्या आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात रीतसर दोन तट पडलेत. एक म्हणतो निसर्गाचं मोल पैशांत होत नाही. दुसरा म्हणतो गाड्या काय डोक्यावर घेऊन झोपायचं? तेवढ्यात कुणीतरी फॉरवर्ड ढकललं की एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये, खुद्द सुप्रीम कोर्टाचा आकडा. बागेत मोठी झाडं साठ. गुणाकार झाला, ४४ लाख ७० हजार आले, आणि हाच आकडा हरकतीत घालायचा असं ठरत आलंय.

आकडा घालावा याच मताचा मी आहे. पण हा आकडा घातला तर समोरचा साहेब पाच मिनिटांत फाडून हातात देईल. कसा ते सांगतो.

आधी त्याची कुळकथा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे (आपले नागपूरचे) यांच्या खंडपीठाने २०२० मध्ये पाच जणांची समिती नेमली. तिने २०२१ च्या फेब्रुवारीत सांगितलं की झाडाची किंमत म्हणजे त्याचं वय गुणिले ७४,५०० रुपये. शंभरी ओलांडलेलं झाड कोटीच्याही वर जाऊ शकतं. म्हणजे आकडा समितीचा आहे, कोर्टाच्या निकालाचा नाही. ही पहिली गोची.

दुसरी गोची मोठी. या ७४,५०० मध्ये ४५,००० रुपये नुसत्या ऑक्सिजनचे आहेत आणि २०,००० जैविक खताचे. आता हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे. आमची साठ झाडं उद्या गेली तरी तो तेवढाच राहणार. सिलिंडरला जे पैसे पडतात ते ऑक्सिजन वेगळा काढून, दाबून भरून, दवाखान्याच्या दारात आणून देण्याचे. जिथे टंचाईच नाही तिथे बाजारभाव लावून कसं चालेल? झाडं सावली देतात, पाणी मुरवतात, धूळ अडवतात, या गोष्टींची शहरात खरोखर टंचाई आहे, आणि या हिशेबात मुख्य वाटा त्यांचा नाहीच.

तिसरी गोष्ट, वयाने गुणायचं कशासाठी? गेल्या पन्नास वर्षांची सावली आपण भोगून झालो. तोडल्यावर नुकसान होतं ते पुढच्या वर्षांचं. किंमत काढायची तर पुढे बघून काढायला हवी.

ही ऑक्सिजनची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोलकाता विद्यापीठाचे प्रा. तारकमोहन दास यांनी १९७९ साली पन्नास वर्षं जगणाऱ्या झाडाची किंमत १५ लाख ७० हजार काढली होती. वृक्षारोपणाच्या भाषणांतून आणि भिंतींवरच्या फलकांतून तो आकडा अजून फिरतोय. हेतू चांगला होता, दासांनी निदान प्रश्न तरी विचारला. पण चाळीस वर्षांनी आपण तिथेच का?

बाहेर काय निघतं बघा. लंडनमधल्या ८४ लाख झाडांचा हिशेब २०१५ मध्ये 'आय-ट्री' नावाच्या अमेरिकी वनखात्याच्या सॉफ्टवेअरवर केला. हवेतलं प्रदूषण, कार्बन, पावसाचं पाणी धरून वर्षाला १३ कोटी २७ लाख पौंड. झाडामागे पावणेसोळा पौंड, म्हणजे आपले दीड हजार रुपये आणि वर थोडे. न्यूयॉर्कने २००७ मध्ये रस्त्याकडेच्या ५ लाख ९२ हजार झाडांचा हिशेब केला, तिथे झाडामागे वर्षाला २०० डॉलरच्या आसपास निघाले, कारण त्यांनी घरांच्या वाढलेल्या किमतीही धरल्या.

दीड हजार, दहा-पंधरा हजार, ७४,५००. झाड तेच. तर मंडळी, आमच्या बागेसाठी कुठली पद्धत धरू? मुदत महिन्याची आहे.

शंकासुर

लेख आवडला, पण मूळ कल्पनाच मला घातक वाटते. किंमत लावली की विकत घेणारा उभा राहतो. आज तुम्ही म्हणाल बागेची किंमत वर्षाला वीस लाख. उद्या पार्किंगवाला म्हणेल, मी पंचवीस लाख भरतो, सरका. मग काय बोलणार? त्यापेक्षा "बाग आहे, बागच राहील" हे वाक्य जास्त मजबूत आहे. त्यात गुणाकार नाही, म्हणून चूकही काढता येत नाही.

कायदेपंडिता

शंकासुर, तुमची भीती खोटी नाही, त्याचा धडधडीत दाखला देते. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावं लागतं. सुप्रीम कोर्टातल्या गोदावर्मन खटल्यातून २००२ मध्ये हे सुरू झालं, कांचन चोप्रा समितीने त्याचं अर्थशास्त्र मांडलं, २००८ आणि २०२२ मध्ये दर बदलले. आजचा वरचा दर हेक्टरला सुमारे १५ लाख ९५ हजार. हेक्टरमध्ये १ लाख ७ हजार ६३९ चौरस फूट असतात. भागाकार करा, चौरस फुटाला १५ रुपयेही पडत नाहीत. हा जमिनीचा भाव नाही, फक्त जंगलाच्या सेवांचा, आणि पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा द्यावा लागतो, हे मान्य. पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किरकोळ खर्चात बसून जाते. भरली की मोकळे.

तरीही "किंमत लावू नका" याच्याशी मी सहमत नाही. न लावलेली किंमत फाइलमध्ये शून्य म्हणून वाचली जाते. मी अशा सुनावण्यांना बसले आहे. समोर पार्किंगचा अहवाल असतो, त्यात इतक्या गाड्या, इतकं उत्पन्न. आपल्याकडून "हिरवळ हा शहराचा श्वास आहे" असं एक पान येतं. नोंद होते, हरकत निकाली निघते.

आकडेमोड्या, तुमचा बदल बहुधा एमआरटीपी कायद्याच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ३७ खाली असेल. नोटिशीच्या तारखेपासून महिना. लेखी द्या, पोच घ्या, आणि सुनावणीची मागणी त्याच पत्रात करा.

माहीमची_खाडी

घरांच्या किमतीवरून बागेची किंमत काढायची पद्धत मला सगळ्यात पटण्यासारखी वाटते, कारण ती माणसांनी खरंच खिशातून काढलेल्या पैशांवर चालते. उदाहरण शिवाजी पार्क. २८ एकर मोकळी जागा, भोवती कट्टा. मैदानासमोरचा फ्लॅट आणि दोन गल्ल्या मागचा तेवढाच जुना, तेवढाच मोठा फ्लॅट यांच्या दरातला फरक म्हणजे लोकांनी मैदानाला दिलेली किंमत. स्टेशनचं अंतर, मजला, इमारतीचं वय वगैरे गणिताने वेगळं काढतात. बिल्डर हे केव्हापासून जाणतात, 'गार्डन फेसिंग'चे जादा पैसे मागताना त्यांना अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि हे काही नवं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा रचनाकार ऑल्मस्टेड याने हाच हिशेब मांडून पार्कचा खर्च समर्थनीय ठरवला होता. पार्कभोवतालच्या तीन वॉर्डांतल्या मालमत्तेचं मूल्य १८५६ मध्ये २ कोटी ६४ लाख डॉलर होतं, ते १८७३ मध्ये २३ कोटी ६० लाखांवर गेलं. वाढलेल्या करातून पार्कचं कर्ज फिटतं, असा त्याचा मुद्दा.

शंकासुर

त्याच सेंट्रल पार्कच्या जागेवर सेनेका व्हिलेज होतं, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती, स्वतःच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं. ऑल्मस्टेडच्या तक्त्यात त्यांचा रकाना कुठे होता? घरांच्या किमतीवरून मोजलं की ज्याचं घर आहे त्याचीच आवड मोजली जाते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारा प्रत्येक जण काही समोरच्या फ्लॅटचा मालक नसतो.

आकडेमोड्या

शंकासुर, मुद्दा नोंदवून ठेवतो, तो महत्त्वाचा आहे.

खाडीसाहेब, आपल्याकडे त्या पद्धतीला आणखी एक अडचण आहे, आकडे कुठून आणायचे? इंडेक्स टू वर (दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर) नोंदवलेली किंमत आणि खरी किंमत यांत किती वर्षं किती अंतर होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यात बरेच जण रेडी रेकनरच्या सरकारी दराला चिकटून व्यवहार दाखवतात, म्हणजे सरकारचाच आकडा सरकारला परत.

ऑल्मस्टेडचा कराचा मुद्दाही शहरागणिक बदलतो. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे, तेव्हा बागेने भाव वाढला तर काही अंशी महापालिकेच्या तिजोरीत पडतो. पुण्यात कर वार्षिक करयोग्य मूल्यावर, म्हणजे मानीव भाड्यावर. तिथे टेकडीसमोरच्या फ्लॅटचा भाव दुप्पट झाला तरी कर त्या वेगाने हलत नाही. बाग सांभाळते महापालिका, नफा घरमालकाचा.

बोरीवली_पूर्व

इथे मजेदार कागद आठवला. आमच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांवर २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला होता. साधारण ३५ बिबटे, त्यांच्या खाण्यात भटकी कुत्री भरपूर. अंदाज असा की वर्षाला दीड हजार कुत्री बिबट्यांच्या पोटात जातात, त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारभर प्रकार टळतात आणि रेबीजची शक्यता असलेले ९० प्रसंग. वर कुत्र्यांच्या बंदोबस्तावरचा वर्षाला १८,००० डॉलर खर्च वाचतो.

माझी सासू म्हणाली, म्हणजे बिबट्या महापालिकेत बिनपगारी कामाला आहे.

हसू नका, पद्धत तीच आहे: हे नसतं तर खर्च किती आला असता? दुसरी बाजूही लिहायला हवी. उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवर आणि आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केले आहेत, मुलं गेली आहेत. ते १८,००० डॉलरमधून वजा कसे करायचे? हा प्रश्न बोरीवलीच्या टॉवरमधून सोपा वाटतो, पाड्यावरून वाटत नाही.

डॉक्टरीणबाई

आरोग्याचा भाग मी सांगते, कारण यावर व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त फेकाफेक चालते.

जुना, छोटा पण नेटका अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ चा. पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. खाटेचा दिवसाचा दर माहीत असेल तर पाऊण दिवसाचे पैसे काढणं सोपं आहे. पण रुग्ण ४६ च, रुग्णालय एकच, हे विसरून चालत नाही.

मोठा अभ्यास अमेरिकी वनखात्यातल्या डोनोव्हन यांच्या गटाचा, २०१३ चा. ॲश जातीची झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा आशियातून तिथे पोचला आणि कोट्यवधी झाडं मेली. जिथे जिथे तो पोचला त्या १५ राज्यांत १९९० ते २००७ या काळातले मृत्यू तपासले, तर श्वसनविकाराने ६,११३ आणि हृदयविकाराने १५,०८० जास्तीचे मृत्यू आढळले. याचं महत्त्व असं की एरवी "हिरव्या भागातले लोक निरोगी" म्हटलं की पहिली शंका येते, श्रीमंत लोकच हिरव्या भागात राहतात म्हणून निरोगी असतील. इथे भुंग्याने कुणाचं उत्पन्न विचारलं नव्हतं.

पण आकडेमोड्या, हे आकडे उचलून तुमच्या एक एकराला लावू नका. आणि घरांच्या किमती धरल्या तर आरोग्याचे पैसे वेगळे मिळवू नका. लोक हवा चांगली म्हणूनही जादा पैसे देतात, तो फायदा दोनदा मोजला जाईल.

लंडनस्थ

लंडनचा उल्लेख आला म्हणून. झाडांच्या त्या हिशेबानंतर २०१७ मध्ये सगळ्या सार्वजनिक बागा-मैदानांचा मोठा ताळेबंद आला. एकूण मूल्य ९१ अब्ज पौंडांहून जास्त, आरोग्यावरचा वर्षाचा टळलेला खर्च ९५ कोटी पौंड, आणि सार्वजनिक खर्चाच्या प्रत्येक पौंडामागे लोकांना किमान २७ पौंडांचा लाभ. वर्तमानपत्रांत गाजला.

झालं काय? इथे बागा राखणं हे स्थानिक कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक नाही. २०१० नंतर काटकसर सुरू झाली तेव्हापासून बागांच्या खर्चाला कात्री लागतेच आहे. आमच्या भागात फुलांचे वाफे जाऊन नुसतं गवत आलं, माळी दिसेनासे झाले. २७ पौंड "लोकांना" मिळतात, कौन्सिलच्या खात्यात पडत नाहीत. आरोग्याचे वाचतात ते आरोग्यसेवेचे. एकाच्या खर्चातून दुसऱ्याची बचत, आणि दोघांचे हिशेबनीस वेगळे.

जिथे आकडा खरोखर चालला ती जागा वेगळी आहे. 'कॅव्हॅट' नावाची पद्धत इथल्या वृक्षअधिकाऱ्यांनी चालवली. छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजा, त्यावरून क्षेत्रफळ, त्याला एकक दर, मग भोवती लोकवस्ती किती, झाडाची तब्येत कशी, लोकांना ते दिसतं का, यावरून कमी-जास्त. मेफेअरमधल्या बर्कली स्क्वेअरच्या 'प्लेन' जातीच्या एका झाडाची किंमत २००८ मध्ये साडेसात लाख पौंड निघाली होती. उपयोग असा की कुणी केबल टाकताना मूळ तोडलं, विमा कंपनी म्हणाली झाड पाडा, तर कौन्सिलकडे दाखवायला आकडा असतो. वाद एका झाडाचा असतो, समोर एक ठराविक माणूस असतो आणि वसुली करता येते.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, एवढी चर्चा झाली अन् उन्हाचं नाव कोणीच काढलं नाही. पुण्या-मुंबईत बाग म्हणजे फिरायला जागा. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की झाड म्हणजे जीव वाचवायची जागा. सेमिनरी हिल्सकडून शहरात उतरा, कातडीलाच फरक कळते. थर्मामीटर कायले पाहिजे?

थर्मामीटरवाला अभ्यासही आहे बरं. बंगळुरूत हरिणी नागेंद्र यांच्या गटाने २०१३ मध्ये रस्त्याकडेच्या झाडांखाली अन् उघड्यावर मोजलं. दुपारची हवा ५.६ अंशांपर्यंत थंड, डांबराचा पृष्ठभाग २७.५ अंशांपर्यंत थंड. सत्तावीस! हातगाडीवाला, ट्रॅफिकचा पोलीस, डिलिव्हरीचं पोरगं दिवसभर त्याच डांबरावर उभं राहते. त्याच्या घामाचा हिशेब फ्लॅटच्या भावात कुठून येईल?

बागवान_निवृत्त

मी उद्यान खात्यातून निवृत्त झालो, कुठल्या शहराच्या ते राहू द्या. वऱ्हाडी भाऊंनी बोट ठेवलं ती जागा दुखरी आहे. बागेच्या गेटवरची पाटी वाचा. बहुतेक ठिकाणी सकाळी सहा ते दहा-अकरा, संध्याकाळी चार ते आठ. ज्या वेळी सावलीची गरज सगळ्यात जास्त त्या वेळी गेटला कुलूप. कारण विचाराल तर "दुपारी जोडपी येऊन बसतात" आणि "रखवालदार जेवायला जातो". म्हणजे सावली आहे, पण कंपाउंडच्या आत. रिक्षावाला बाहेर फुटपाथवर, कंपाउंडवरून आलेल्या फांदीखाली. तुम्ही कागदावर थंडाव्याचे कितीही लाख लिहा, कुलूप लावलेल्या तासांत ते लोकांपर्यंत जात नाहीत.

आता अंदाजपत्रकाचं सांगतो. बागेच्या नावाने लेखाशीर्षं काय असतात? माळी आणि बिगाऱ्यांची मजुरी, रखवालदार, खत-माती, टँकरचं पाणी, वीजबिल, खेळण्यांची दुरुस्ती, कारंजं (जे बंद असतं). सगळं खर्चात. जमेला काय? फुलराणीचं (मुलांच्या छोट्या आगगाडीचं) तिकीट असेल तर ते, खाऊच्या स्टॉलचं भाडं. दरवर्षी लेखाविभाग विचारायचा, तुमच्या खात्याचं उत्पन्न एवढंच? पावसाळी गटाराच्या खात्याला कुणी असं विचारत नाही. गटार पाणी वाहून नेतं हे सगळ्यांना मान्य आहे. बाग पाणी मुरवते हे मात्र आम्ही कधी लिहिलंच नाही.

आकडेमोड्या

बागवानकाका, दंडवत. तुमच्या शेवटच्या वाक्यावर लगेच आकडेमोड करून बघितली.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला (आजकाल अशी सर काही दुर्मीळ नाही) तर या जागेवर २ लाख लिटर पाणी पडतं. काँक्रीट असेल तर त्यातलं ९० टक्के वाहून जातं. माती, गवत, झाडं असतील तर पाव भाग वाहतो असं धरू, जमीन आधीच भिजलेली असेल तर जास्त. फरक सुमारे १ लाख ३० हजार लिटर, दहा हजार लिटरचे तेरा टँकर, एका सरीत. प्रस्ताव अर्ध्या बागेचा आहे, म्हणून निम्मे धरा, साडेसहा टँकर. हे पाणी उद्या आमच्या खालच्या गल्लीत जाणार, जिथे आत्ताच चेंबरची झाकणं उचलतात.

याची किंमत काढायला कुणाच्या आवडीनिवडी विचाराव्या लागत नाहीत. तेवढं पाणी साठवणारी भूमिगत टाकी बांधायचा दर ठेकेदाराला विचारायचा, बस्स.

माहीमची_खाडी

आणि ही कल्पनेतली गोष्ट नाही! हिंदमाताला दरवर्षी पाणी तुंबतं म्हणून मुंबई महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या. कुठे बांधल्या? दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. कारण गजबजलेल्या भागात खणायला मोकळी जागा तेवढीच उरली होती. काँक्रीटने मुरू न दिलेलं पाणी साठवायला शेवटी बागच शोधावी लागली. हे हरकतीत नक्की लिहा. साहेबांना निविदा काढून झालेल्या कामाची भाषा लवकर समजते.

शंकासुर

हे मात्र पटलं. टाकीचा हिशेब मला चालतो, कारण तो बागेची किंमत सांगत नाही, बाग काढल्यावर येणारं बिल सांगतो. बिल दाखवल्याने बाग विक्रीला लागत नाही.

कार्बनचं काय? आमच्या गटात कार्बन क्रेडिटवाले एक गृहस्थ आहेत, ते रोज म्हणतात कोट्यवधी मिळतील.

आकडेमोड्या

कार्बनच्या नादी लागू नका. मोठं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, हा सर्रास दिला जाणारा आकडा. टनाला चार हजार रुपये असा बऱ्यापैकी चढा भाव धरला तरी झाडामागे वर्षाला शंभर रुपये. साठ झाडांचे सहा हजार. त्यात पार्किंगचा एक खांबही उभा राहणार नाही.

आरेच्या वेळी हेच झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं दोन रात्रींत तोडली. त्या वादात मेट्रोच्या बाजूनेही कार्बनचाच हिशेब मांडला होता: ही झाडं जन्मभर जेवढा कार्बन शोषतील तेवढा मेट्रो थोड्या दिवसांत वाचवेल. गणित म्हणून त्यात फारशी खोट काढता येत नाही. चूक होती ती झाडाचा उपयोग कार्बनपुरताच आहे असं धरण्यात. आपणच कार्बन-कार्बन करत गेलो तर आयता तो तराजू त्यांच्या हातात देतो.

डॉक्टरीणबाई

सहमत. मग "बागेसाठी महिन्याला किती द्याल?" असा सर्व्हे करणार का? सोसायट्यांमध्ये गूगल फॉर्म फिरवणं सोपं आहे.

आकडेमोड्या

तो मोह मलाही झाला होता. ही पद्धत टँकरसारखी ठोस नाही, पण अगदीच टाकाऊही नाही. एक्सॉन वाल्डेझ या जहाजातलं तेल अलास्कात सांडलं १९८९ मध्ये. त्यानंतर भरपाईचा वाद झाला, तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या अध्यक्षतेखाली गट बसला आणि १९९३ मध्ये त्यांनी अशा सर्व्हेचे नियम घालून दिले: समोरासमोर विचारा, "इतका कर वाढला तर या योजनेला मत द्याल का" असं हो-नाहीत विचारा, पैसे द्यायचे म्हणजे दुसरा कुठला खर्च कमी होईल याची आठवण करून द्या. गूगल फॉर्म यात कुठेच बसत नाही.

शिवाय आपल्याकडे बागेला दोन रुपये तिकीट लावलं तरी मोर्चा निघतो. त्याचा अर्थ बाग दोन रुपयांची नाही असा होत नाही. लोक म्हणतात, कर भरतोय ना? हे उत्तर बरोबरच आहे, फक्त ते कुठल्याही रकान्यात भरता येत नाही.

प्रवासखर्चाची पद्धतही इथे लंगडी पडते. लोक किती लांबून, किती वेळ आणि पैसे घालवून येतात त्यावरून जागेची किंमत, ही हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांसाठी सुचवलेली कल्पना. गल्लीतल्या बागेला लोक चपला घालून चालत येतात, खर्च शून्य. आणि वेळेचे पैसे मजुरीवरून धरले तर धुणं-भांडी आटोपून दहा मिनिटं टेकणाऱ्या बाईंची दहा मिनिटं स्वस्त आणि शेजारी बसलेल्या आयटीवाल्याची महाग. बाक तोच. शंकासुरांचा मघाचा आक्षेप इथे पुन्हा उभा राहतो.

म्हणून मी ठरवलंय की एकच मोठा आकडा द्यायचा नाही. पाण्याचं बिल रुपयांत, ठेकेदाराच्या दरपत्रकासह. सावली अंशांत, उन्हात आणि झाडाखाली दोन ठिकाणी मोजून. आणि माणसं माणसांत. बागेत कोण, किती वाजता, किती जण. त्यांना रुपये लावायचे नाहीत.

कायदेपंडिता

हे चालेल. त्यात पार्किंगलाही तोच न्याय लावा. किती गाड्या मावतील हे प्रस्तावात असेल, पण किती तास भरलेल्या असतील हे नसेल. शहरातलं एखादं चालू बहुमजली पार्किंग बघा, रस्त्यावर फुकट लावता येतंय तोवर वरचे मजले रिकामे असतात. लिफ्टची देखभाल, वीज, माणसं, सगळा चालवायचा खर्च मागा. माहितीच्या अधिकारात तीस दिवस लागतात, म्हणजे अर्ज उद्याच टाका आणि हरकतीत "माहिती मागवली आहे" असा उल्लेख करा.

आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या झाडांच्या कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरतात. तोडलंच तर झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावावी लागतात. साठातली किती झाडं पन्नाशीपुढची आहेत ते पाहा. पंधरा जरी निघाली तरी साडेसातशेच्या वर रोपांची जागा प्रस्तावात दाखवावी लागेल. ती कुठे आहे, हा प्रश्न लेखी विचारा.

बागवान_निवृत्त

माणसं मोजायची रीत सांगतो, आम्ही कुंपणाच्या वादात एकदा केली होती. एक कामाचा वार आणि एक रविवार. गेटवर उभं राहून आत जाणारे मोजू नका, सकाळी तोच माणूस चार चकरा मारतो. दर अर्ध्या तासाने बागेतून एक फेरी मारायची आणि त्या क्षणी आत असलेली माणसं टिपायची: लहान मुलं, बायका, म्हातारे, झोपलेले, डबा खाणारे. झोपलेल्यांना वगळू नका, रात्रपाळीचे रखवालदार असतात ते. गेट बंद असेल त्या तासाला शून्य लिहा आणि कंपाउंडच्या सावलीत बाहेर किती जण बसलेत ते वेगळं लिहा. मग त्याच हरकतीत मागणी जोडा की गेट दुपारी उघडं ठेवा.

झाडांचा घेरही घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप, शिंप्याची चालते. वडाला पारंब्या आणि पिंपळ-वडाला फाटे असतात, तिथे फाट्याच्या खाली मापा.

आकडेमोड्या

काका, पत्रक तयार करून इथेच टाकतो. येत्या रविवारी आणि मंगळवारी मोजणी. दुपारी १२ ते ४ ला कुणी तयार होत नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा

मी त्या आठवड्यात तुमच्याच गावात आहो, बहिणीकडे. दुपारची पाळी माझी. तुमच्या ३८ अंशांत मले स्वेटर लागते.

शंकासुर

सकाळची मी घेतो. झोपलेल्यांचा रकाना मोठा ठेवा.